लाकडी पेन: आधी रेषा जुळवा, मग भाव सांगा

हाताने बनवलेलं पेन गिऱ्हाईक लिहून बघण्याआधी फिरवून बघतं. मधल्या रिंगपाशी लाकडाच्या रेषा तुटलेल्या दिसल्या, तर भाव साधाच मिळतो. सलग दिसल्या, तरच चार पैसे जास्त मागता येतात. स्लिमलाइन पेनसाठी ही पद्धत वापरा.

१. ब्लँक कापण्याआधी एका बाजूवर लांबीभर पेन्सिलने रेघ मारा. जिथे कापणार, तिथे दोन्हीकडे खुणा करा.

२. पातळ पात्याची करवत घ्या. पातं जाड असेल तर लाकूड भुशात जातं आणि रेषा तेवढ्याच सरकतात.

३. ७ मि.मी.चं ड्रिल मधल्या कापापासून बाहेरच्या टोकाकडे चालवा. खोल गेल्यावर ड्रिल भरकटतं. ती चूक टोकाला गेली तर चालेल, जोडावर नको.

४. पितळी नळ्या चिकटवल्यावर मधली टोकं सपाट करताना कमीत कमी लाकूड काढा. लेथवर खुणेसमोर खूण ठेवूनच तुकडे चढवा. काढतानाही तोच क्रम ठेवा. तासताना पेन्सिलच्या खुणा उडून जातात.

हे पेन पिळून उघडतं, म्हणून रेषा एकाच स्थितीत जुळतात. निब बाहेर असताना जुळवा. रिफिल बदलायला वरचा भाग ओढून काढावा लागतो. तो परत कसा बसवायचा, हे विकतानाच दाखवा. नाहीतर ‘पेन बिघडलं’ म्हणून फोन आलाच समजा!