परदेशी जाणाऱ्या कागदपत्रांचे प्रमाणीकरण

आपल्या समाजातील मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा लाभ अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु प्रवेशपत्र हाती आल्यानंतर जन्मदाखला किंवा विवाहाचा दाखला असे साधे कागद अडतात. अनेक कुटुंबांबरोबर आम्ही हे हेलपाटे घातले आहेत, म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

आपल्या नगरपालिकेच्या निबंधकाची सही परदेशातील कार्यालय ओळखत नाही. म्हणून ती सही राज्य शासनाचा नेमलेला अधिकारी प्रमाणित करतो आणि त्या अधिकाऱ्याची सही परराष्ट्र मंत्रालय. दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्यात पहिली पायरी चढावी लागते. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फत घेते. 2019 पासून हे काम दिल्लीबरोबर मुंबईसारख्या शहरांतूनही होते.

यापुढे दोन वाटा फुटतात. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग कराराप्रमाणे सदस्य देशांत ‘अपॉस्टिल’ नावाचा एकच शिक्का चालतो, वकिलातीत जावे लागत नाही. भारतासाठी हा करार 14 जुलै 2005 पासून लागू झाला. सौदी अरेबिया 2022 मध्ये व कॅनडा 2024 मध्ये त्यात आले. संयुक्त अरब अमिरात व कुवेतसाठी मात्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. जर्मनीने भारताच्या सहभागास हरकत घेतली होती. तिकडे जाणाऱ्यांनी विद्यापीठाला व वकिलातीला आधी विचारून घ्यावे, उगाच खर्च करू नये.

आता महत्त्वाची गोष्ट. अपॉस्टिल सांगते ते इतकेच की सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. आतला मजकूर बरोबर आहे की नाही, हे ते सांगत नाही. आमच्या परिचयातील एका मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव घरगुती होते, पासपोर्टवर पूर्ण नाव होते आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त होता. सर्व शिक्के मिळाले, कोणीही हटकले नाही. व्हिसाच्या वेळी मात्र कागद परत आले. मूळ नोंद दुरुस्त करून साखळी पहिल्यापासून करावी लागली आणि तिचे एक सत्र गेले. शिकलेल्या घरात हे झाले, हे विशेष!

म्हणून प्रवेशाचा अर्ज करण्यापूर्वीच जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला व पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. जन्मनोंदीतील चूक 1969 च्या कायद्याखाली निबंधकाकडून दुरुस्त होते. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत जोडावी.

विवाहाबाबतही असेच. विहारात विधी झाल्यावर संस्था जे प्रमाणपत्र देते, ते कितीही सुबक असले तरी त्यावर शासकीय शिक्का बसत नाही. विवाह निबंधकाचाच दाखला लागतो. त्यासाठी महाराष्ट्रात 1998 चा कायदा आहे आणि आपले प्रमाणपत्र त्या नोंदणीच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आणखी एक. मायेपोटी लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर शिक्का मारता येत नाही. असा दाखला असल्यास निबंधकाकडून आजच नवी प्रत काढून ठेवावी.