कोरा रकाना आणि शून्य

सांख्यिकी शिकावयास गणिताची पदवीच हवी, अशी आमचीही समजूत होती; मग इतिहासाच्या शिक्षकाने संगणकास आज्ञा देणे दूरच. परंतु दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती असूनही सांख्यिकी स्वतःच शिकले, आणि त्यासाठी आरंभी त्यांनी हाती घेतले ते विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण. पुढे तक्षशिलेची आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. जे नाणे अधिक काळ हातोहात फिरले ते अधिक झिजले. या घटीवरून त्यांनी नाण्यांचा कालक्रम अभ्यासला. तराजूने लिहिलेला हा इतिहास आमच्या एम.ए.च्या अभ्यासात आलाच नव्हता.

आम्हीही गुणांपासूनच आरंभ केला. ‘आर’ ही संगणकभाषा विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती रचली. आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात, एवढीच काय ती अडचण. पाच मुलांचे 20 पैकी गुण लिहिले : 12, 18, कोरे, 15, 9. तिसरा मुलगा परीक्षेस नव्हता. कोऱ्या जागी ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असे लिहावयाचे असते. मग सरासरीची ‘मीन’ ही आज्ञा दिली. उत्तर आले : एनए. आपलेच काही चुकले, असे वाटले. चुकले नव्हते. एक गुण ठाऊक नसता पाचांची सरासरी सांगण्यास यंत्र नकार देत होते.

आमच्या वहीत मात्र अशा जागी वर्षानुवर्षे शून्य पडत आले. शून्य धरल्यास सरासरी 10.8, ‘एनए.आरएम’ला ‘ट्रू’ म्हणून कोरी जागा वगळल्यास 13.5. ही दुसरी चौघांपुरतीच खरी, पाचांची नव्हे. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली काही मुले ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर जातात आणि उन्हाळा लागेतो परतत नाहीत. त्यांना वगळले की वर्ग हुशार दिसतो. शून्य दिले की न लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत ती नापास होतात.

नवशिक्याने आज्ञा पाठ करीत बसू नये. ओळखीच्या वीस-पंचवीस नावांची यादी घ्यावी, सरासरी आधी हाताने काढावी, मग यंत्राशी जुळवावी. ‘सम’ आणि ‘इज.एनए’ या आज्ञा जोडल्या की कोऱ्या जागा मोजून मिळतात. तो आकडा आम्ही आता सरासरीशेजारीच लिहितो, आणि त्याखाली मुलांची नावे व त्यांचे आईवडील ज्या कारखान्याच्या फडावर असतील त्याचे नाव.