बेचाळीस स्लाइड्स आणि सतरा बादल्या
(संशोधन चित्रातून आणि व्हिडिओतून मांडायचं कसं?)



मागच्या मार्चमध्ये आम्ही चौघींनी लेडीज हॉस्टेलमधल्या गळक्या नळांवर एक मिनी प्रोजेक्ट केला. त्याला कारणही तसंच होतं. 'मुली पाणी फार वाया घालवतात, म्हणून १ एप्रिलपासून दुपारी तीन तास पाणी बंद राहील' अशी नोटीस बोर्डावर लागली होती. आम्हाला राग आला. पण नुसतं रागावून काय होणार? म्हणून आठवडाभर रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, आम्ही एकेका नळाखाली लिटरची बाटली ठेवून स्टॉपवॉच लावलं. गळणारे नळ निघाले १२. त्यांची गळती दिवसाला अंदाजे ३४० लिटर!

मग आलं प्रेझेंटेशन. बेचाळीस स्लाइड्स! पाय चार्ट, थ्रीडी बार चार्ट, शेवटी गोल फिरत येणारं 'थँक यू'सुद्धा. समोर रेक्टर मॅडम, दोन सर, आणि मागच्या खुर्चीवर मेंटेनन्सचे प्लंबर काका. टाळ्या झाल्या, 'गुड वर्क' झालं. आम्ही उठणार तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"पोरींनो, माझ्याकडं आज तीनच वायसर आहेत. कुठल्या नळाला बसवू?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. उत्तर आमच्याकडे होतं, पण ते एकोणिसाव्या स्लाइडवरच्या तक्त्यात. तोही तारखेप्रमाणे लावलेला. कुठला नळ जास्त गळतो हे शोधायला आम्हालाच दहा मिनिटं लागली, आणि तोवर काका दुसऱ्या कामाला निघून गेले. आठवडाभराचं जागरण आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही!

त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकलो. यंदा एफईच्या मुलींना दोन तास शिकवलासुद्धा. तेच इथे थोडक्यात लिहिते आहे.

पायरी पहिली : एक वाक्य

एफईच्या वर्गात आम्ही तोच तक्ता वाटला आणि सांगितलं, यावरून एक वाक्य लिहा. पहिल्या बहुतेक चिठ्ठ्या 'आम्ही पाणीगळतीचा अभ्यास केला' अशा सुरू झाल्या. यात आपण काय केलं ते कळतं, पण समोरच्याने काय करायचं ते कळत नाही. मग आम्ही प्रश्न बदलला : समजा तुम्ही प्लंबर काका आहात आणि खिशात तीन वायसर आहेत. आता लिहा.

लगेच वाक्य आलं : 'दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याजवळच्या बाथरूममधले तीन नळ दुरुस्त केले तर रोज ९ बादल्या पाणी वाचेल.' झालं! हेच पोस्टरचं शीर्षक आणि हेच व्हिडिओचं शेवटचं वाक्य. हे वाक्य सापडल्याशिवाय कॉम्प्युटर उघडायचाच नाही, असा आमचा नियम आहे. आधी टेम्प्लेट निवडलं की आपण त्याच्या चौकोनात माहिती कोंबत बसतो.

चुकीचा तक्ता किती महाग पडतो?

तुम्ही म्हणाल, नळाचं काय एवढं! पण आपण इंजिनिअर होणार आहोत, म्हणून एक खरी गोष्ट सांगते.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले. घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यात रबराच्या गोल कड्या असतात, त्यांना ओ-रिंग म्हणतात. त्या दिवशीच्या थंडीत ही कडी कडक झाली आणि तिने सांधा नीट बंद केला नाही. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर्सनी फोनवरच्या बैठकीत हाच धोका सांगितला होता. ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, अशी त्यांची शिफारस होती. त्यांनी तक्तेही पाठवले होते. पण आधीच्या सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि कड्यांचं नुकसान एकाच आलेखात शेजारी शेजारी असं त्यांत कुठेच नव्हतं.

नंतर चौकशी आयोगाने ते करून दाखवलं. फक्त नुकसान झालेली उड्डाणं पाहिली तर तापमानाशी संबंध दिसत नाही. पण नुकसान न झालेलीही त्यात घातली की चित्र पालटतं. सांध्याचं तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असलेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये त्रास झाला होता, आणि ६३ किंवा त्याखालच्या चारच्या चारही उड्डाणांत! शाळेतल्या मुलालाही समजेल असं हे चित्र आहे.

केवळ तक्त्यांमुळे अपघात झाला असं म्हणणं त्या इंजिनिअर्सवर अन्याय होईल. ते 'नको' म्हणत होते आणि त्यांच्या वरिष्ठांनी दबावाखाली निर्णय फिरवला. पण आकडे कशाप्रमाणे लावायचे आणि कुठले गाळायचे हा सजावटीचा प्रश्न नाही, एवढं मला यातून कळलं. आमचा तक्ता तारखेप्रमाणे लावलेला होता. तो गळतीप्रमाणे, जास्तीकडून कमीकडे लावला असता तर काकांना तिथेच उत्तर मिळालं असतं.

पायरी दुसरी : इन्फोग्राफिक

इन्फोग्राफिक म्हणजे रंगीत पोस्टर नव्हे. ते 'किती' आणि 'कुठे' याचं उत्तर असतं. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात तीनच गोष्टी होत्या : वर ते एक वाक्य, मध्ये बादल्या, खाली मजल्याचा नकाशा आणि त्यावर नळांच्या फुल्या.

बादल्या का? कारण ३४० लिटर डोळ्यांसमोर येत नाहीत, पण हॉस्टेलची वीस लिटरची बादली प्रत्येकीने उचललेली असते. ३४० भागिले २० म्हणजे १७ बादल्या. त्यांतल्या ९ त्या तीन नळांच्या. म्हणजे बारा नळांपैकी तीन नळ निम्म्याहून जास्त पाणी घालवत होते!

इथे एक सापळा आहे. माझी पार्टनर म्हणाली, दुसऱ्या मजल्यासाठी एकच मोठी बादली काढू, इफेक्ट येईल. पण चित्राची उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. डोळा क्षेत्रफळ बघतो, म्हणजे दुपटीचं चौपट दिसतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचं प्रसिद्ध चित्र काढलं, तेव्हा दर महिन्याची पाकळी क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढली होती. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मरतात हे त्यातून एका नजरेत दिसत होतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हाताने काढताना तिने जे सांभाळलं, ते आपण एका क्लिकवर बिघडवतो. म्हणून आमचा नियम : सगळ्या बादल्या एकाच मापाच्या, फक्त संख्या बदलायची. थ्रीडी चार्ट तर बंदच. त्यात पुढचा खांब उगाच मोठा दिसतो.

रंगांचंही तसंच. आम्ही चालू नळ हिरवे आणि गळके लाल दाखवले होते. वर्गातल्या एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "सगळे सारखेच दिसतात." त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे आम्हाला दोन वर्षांत माहीत नव्हतं! आता गडद निळा आणि फिका राखाडी वापरतो, आणि गळक्या नळावर फुलीही मारतो. ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढूनही कळलं पाहिजे, ही सोपी परीक्षा.

मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने तयार केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत मिळतात. पण शेवटची फाइल उघडून जोडाक्षरं नक्की तपासा. आमच्या पहिल्या पोस्टरवर 'प्लंबर'मधला 'प' आणि 'ल' वेगळे राहत होते.

पायरी तिसरी : व्हिडिओ

व्हिडिओ 'कसं' ते दाखवतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण पुन्हा चॅलेंजरचंच. ११ फेब्रुवारी १९८६ ला आयोगाच्या जाहीर सुनावणीत नोबेलविजेते शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात ठेवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात आलंच नाही. कॅमेरे सुरू होते. स्लाइड नाही, संगीत नाही, आणि सगळ्यांना कळलं!

पण लक्षात घ्या, त्या ग्लासाने रबर थंडीत कसं वागतं ते दाखवलं. धोका किती तापमानाला सुरू होतो ते २४ उड्डाणांच्या आकड्यांनी दाखवलं. दोन्ही लागतात. म्हणून आमच्या वर्गात व्हिडिओ आणि इन्फोग्राफिक एकत्र शिकवतो.

आमचा व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. स्क्रिप्ट लिहिताना कागदावर मधोमध रेघ मारायची : डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. दोन्हीकडे तेच असेल तर एक खोडायचं. दीड मिनिटाला दीडशेच्या वर शब्द नकोत; वाचताना स्टॉपवॉच लावा म्हणजे पटेल. दृश्यं तीन होती : नळाखाली भरणारी बाटली आणि शेजारी घड्याळ; काकांच्या हातात झिजलेला आणि नवा वायसर; शेवटी नकाशा. बाटलीचं शूटिंग वेग वाढवून दाखवलं, पण तसं स्क्रीनवर लिहिलं. नाहीतर ती फसवणूक होते.

आवाज मात्र सगळ्यात अवघड! पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करा, घुमत नाही. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज खरखरला की उठून जातात. मेसच्या टीव्हीवर गोंगाटात दाखवायचा असेल तर खाली ओळीही द्या.

आणि भाषा. मी कॉन्व्हेंटमधली. स्क्रिप्ट आधी इंग्रजीत लिहिली आणि डिक्शनरी घेऊन मराठी केली. त्यात 'जलअपव्यय' वगैरे होतं. काका म्हणाले, "म्हंजे नळ गळतोय, असंच ना?" असंच! त्याहून मोठी फजिती पुढे झाली. एका नळाखाली लिटरची बाटली ६९ मिनिटांत भरत होती, आणि मी बिनधास्त 'एकोणऐंशी' वाचलं. चौघींपैकी कुणालाच खटकलं नाही. मेसच्या मावशींनी पहिल्यांदा बघताच पकडलं, "अगं, तिथं तर एकोणसत्तर लिहिलंय की!" तेव्हापासून व्हिडिओ पूर्ण व्हायच्या आधी विषय न शिकलेल्या एका माणसाला दाखवायचा, हाही नियम झाला.

लपवावंसं वाटतं ते

आता कबुली. बारा नळ पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले तीन बिघडलेलेच नव्हते. आम्हीच ते घट्ट बंद केले नव्हते. त्यांचं पाणी रोज साधारण ४० लिटर, म्हणजे २ बादल्या. आमचा सगळा मुद्दा 'मुलींची चूक नाही' असा होता, आणि या दोन बादल्या मध्ये आल्या! रात्री बारापर्यंत आमच्यात भांडण झालं. 'पंधराच दाखवू, कोण मोजतंय?' असं एकजण म्हणाली. खरं सांगू, मलाही तेच वाटत होतं. मग मला ती न दाखवलेली उड्डाणं आठवली.

शेवटी पोस्टरवर सतराच बादल्या आल्या : ९ दुसऱ्या मजल्याच्या तीन नळांच्या, ६ बाकीच्या सहा बिघडलेल्या नळांच्या, आणि २ वेगळ्या रंगात, खाली 'या आमच्या'. कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलं : मोजणी रात्रीची, दिवसाचा आकडा अंदाजे.

पोस्टर हातात घेऊनच काका जिना चढले. त्याच संध्याकाळी तीन वायसर बसले. रात्री आम्ही बाटल्या ठेवल्या, सकाळी त्या कोरड्या होत्या. रेक्टर मॅडम त्या दोन बादल्यांवर बोट ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, "हे लिहिलंत म्हणून बाकीच्या पंधरा खऱ्या वाटतात." नोटीस काही पूर्ण मागे घेतली नाही, दुपारची बंदी तीन तासांवरून एक तासावर आली. तेवढं तर तेवढं!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट काढा. तो कोणाच्या हातात पडायला हवा त्या एका माणसाचं नाव कागदावर लिहा; गाइडचं सोडून! तो माणूस काय विचारेल ते लिहा, आणि उत्तर एका वाक्यात. जमलं तर पोस्टर करायला आमच्या खोलीवर या. रंगपेट्या आणि कपाट दोन्ही तयार आहे. फक्त येताना बाथरूमचा नळ घट्ट बंद करून या.