पाळीची चराई आणि गुरांचें पाणी

तळोद्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून दक्षिणेस तापीकडे उतरत जाणारें मैदान आहे. पायथ्याच्या गांवांतील गुरें पावसाळ्यांत टेकड्यांवर चरतात व नाल्यांचें पाणी पितात. उन्हाळा लागला कीं पुष्कळ नाले आटतात; मग एखादाच डोह उरतो आणि साऱ्या गांवचीं गुरें तेथेंच लोटतात. ह्या डोहाचा व टेकडीवरील गवताचा संबंध विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावा, आणि घरीं पालकांसही सांगावा.

कुरणाचे चार-सहा भाग करून एका वेळीं एकाच भागांत गुरें सोडणें व बाकीच्यांस विसावा देणें, ह्यास पाळीची चराई म्हणतां येईल. पान खाल्लें गेल्यावर गवत आपल्या सांठविलेल्या अन्नावर नवा फुटवा काढतें. तोही लागलीच खाल्ला गेला तर मूळ दुबळें होतें. असें वारंवार घडल्यास मारवेल, पवन्या हीं उत्तम गवतें हटतात व कुसळी माजते; तिचीं कुसळें गुरांच्या तोंडांत रुततात.

परंतु गवताचे भाग केले आणि पाणी एकाच ठिकाणीं राहिलें, तर ती वांटणी कागदावरच राहते. गुरें रोज विसाव्याच्या भागांतून डोहाकडे जातात. पाण्याजवळचें गवत मुळापर्यंत खुरटतें, दूरचें वाळून निबर होतें, आणि शेण कुरणांत न पडतां वाटेवर व पाण्यांत पडतें. डोहाच्या चिखलांत गोगलगायी वाढतात. त्यांच्या शरीरांत चपट्या यकृतकृमींचीं पिल्लें वाढून बाहेर येतात व कांठच्या गवतास चिकटतात. तें गवत खाणारें जनावर खंगतें, जबड्याखालीं सूज येते. लोक दृष्ट काढतात. काढावयास हवें तें जनावर त्या चिखलांतून! शिवाय त्याच नाल्याचें पाणी खालच्या वस्तींतील माणसेंही वापरतात.

मोठ्या जनावरास दिवसाकाठीं सुमारें 50 लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत व दुभत्या गाईस त्याहून अधिक. दुधाच्या शंभर भागांत सुमारें 87 भाग पाणीच असतें. पाणी कमी पडलें कीं जनावर चाराही कमी खातें.

आतां गणित करूं. वीस गुरांस 1000 लिटर लागेल. 3 मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद व 45 सेंटिमीटर खोल असा हौद काठोकाठ भरल्यास 1012 लिटर पाणी मावतें. वरच्या अंगास झरा असेल व तो मिनिटास एकच लिटर देत असेल, तरी दिवसास 1440 लिटर होतात. म्हणजे बारीक धारही तुच्छ मानूं नये. झऱ्याभोंवतीं कुंपण घालून नळीनें पाणी खालीं आणावें. उतार असल्यास यंत्र लागत नाहीं. हौद चार भागांच्या सांध्यावर बांधला म्हणजे एकाच हौदावर चारही पाळ्या भागतात. भोंवतीं दगडांची फरसबंदी हवी. पाणी जवळ असलें कीं गुरें एकेक करून येतात. दूर असलें कीं कळपच धांवतो व दुबळें जनावर मागें राहतें. हौद दर पंधरवड्यास उपसून, घासून आंतून चुना लावावा, म्हणजे शेवाळ धरत नाहीं.

ही चिंता नवी नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत गांवचीं गायरानें जंगलखात्यानें घेतल्याची तक्रार केली आहे, आणि पाणी अडविण्यास बंधारे व तळीं बांधावीं असेंही सुचविलें आहे. पुढें 1990 नंतर हिवरे बाजार (तेव्हांचा अहमदनगर, आतां अहिल्यानगर जिल्हा) येथें ग्रामस्थांनीं मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याचा नियम केला व पाणी डोंगरावरच अडविलें. तेथें गवत गुरांकडे जातें. आपल्याकडे गुरें गवताकडे जात असतील तर पाण्यानें त्यांच्या मागोमाग गेलें पाहिजे.

राहिला एकच प्रश्न, आणि माझ्या मतें तोच अवघड: हौद धुणार कोण? गुरें ज्या क्रमानें भाग बदलतात त्याच क्रमानें घरांची पाळी लावावी, व ज्याची पाळी असेल त्यानें नव्या भागाचें फाटक उघडण्यापूर्वीं हौद धुवावा.