प्रमाणपत्र सवलतीसाठी, क्षेत्र मुलाच्या कलाने

दहावी-बारावीचा निकाल लागला की दिव्यांग मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ला मागायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "याच्या तब्येतीले झेपन अशी कोणती लाईन आहे, सर?" मुलगा शेजारीच बसलेला असतो, पण त्याला काय आवडते हे कुणी विचारत नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या आसपास शिक्षणाच्या वाटा कमी नाहीत. सावंगी मेघे आणि सेवाग्राम इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआय आहेत. यातल्या कितीतरी वाटा आपण मुलाला न विचारताच बंद करून टाकतो.

माझे मत स्पष्ट आहे. क्षेत्र मुलाच्या कलाने ठरवा आणि त्या क्षेत्रात लागणाऱ्या सोयी मिळवायला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वापरा. हा क्रम उलटा झाला की गणितात रमणाऱ्या अंध मुलीला 'तुला संगीतच बरे' असे सांगितले जाते आणि तीही ते खरे मानू लागते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण पालकांनी नीट समजून घ्यावे. लहानपणीच दृष्टी गेलेल्या प्रांजल मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे दिल्लीला जेएनयूत शिकल्या. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांनी यूपीएससीची तयारी केली. २०१६मध्ये लागलेल्या निकालात त्यांचा ७७३वा क्रमांक आला, पण पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतले गेले नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४व्या आल्या, आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. ज्यांना एका सेवेने नाकारले, त्यांच्याकडे पुढे महसूल प्रशासनाची जबाबदारी आली. नकार हा त्या व्यक्तीच्या क्षमतेचा निकाल नसतो, हे इतक्या ठळकपणे क्वचितच दिसते.

न्यायालयेही आता हेच सांगत आहेत. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाणीदोषाच्या टक्केवारीमुळे एमबीबीएसला अपात्र ठरवले होते. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या टक्केवारीवर कुणाला नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला पूर्ण करता येईल का, हे दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळाने तपासले पाहिजे. मार्च २०२५मध्ये अंध उमेदवारांसाठी न्यायाधीशपदाची दारेही उघडली.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण खरी धावपळ इथेच होते. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो. स्वमग्नता, सिकलसेल, अध्ययन अक्षमता हेही त्यात आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर वयाच्या १८व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. या सगळ्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लागते. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक हवा असेल तर शाळेमार्फत आधीच मंजुरी घ्या आणि त्याच्यासोबत घरी निदान दहा-बारा पेपर सोडवा. सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळला नाही तर उत्तर येत असूनही गुण जातात.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. श्रवणयंत्र, तीनचाकी, लॅपटॉप, जे लागेल त्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुस्तकी अभ्यासात मन न रमणाऱ्या मुलाने हाताचे काम शिकणे मुळीच कमीपणाचे नाही. आपल्याच हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाने कित्येक दिव्यांगांना कामाचे प्रशिक्षण देऊन स्वतःच्या कमाईवर उभे केले.

नोकरीबाबत मात्र एक भान ठेवायला हवे. जर्मनीत २० किंवा जास्त माणसे कामावर असलेल्या मालकाला ५ टक्के जागा गंभीर दिव्यांगांना द्याव्या लागतात, नाही तर दंडवजा रक्कम भरावी लागते. फ्रान्समध्ये हे प्रमाण ६ टक्के आहे, जपानमध्ये २०२४पासून अडीच टक्के झाले. आपल्याकडे खासगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही. समान संधीचे धोरण जाहीर करणे मात्र त्यांना बंधनकारक आहे. मुलाखतीला जाण्याआधी ते वाचा आणि रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी, संगणकातले सॉफ्टवेअर यांतले जे लागेल ते संकोच न करता मागा. सरकारी भरतीची वाट पाहण्यात ऐन उमेदीची वर्षे घालवण्यापेक्षा बँक, लेखापाल, अनुवाद, सॉफ्टवेअर चाचणी, विशेष शिक्षकाची पदविका अशी दोन-तीन क्षेत्रे सोबतच तपासावीत, असे मला वाटते.

मुलगा आठवीत-नववीत असेल तर यूडीआयडीचा अर्ज याच महिन्यात भरा. प्रवेशाच्या वेळी कार्ड हातात नसले की हक्काची जागा दुसऱ्याला जाते.