डोळ्यांत मारणारा उजेड

कसालहून मालवणला येणारा रस्ता पावसाळ्यात रात्री नऊनंतर काळाकुट्ट होतो. ओलं डांबर उजेड माघारी देत नाही, आरशासारखं पुढे फेकून देतं. दोन्हीकडे झाडी, कडेचा पट्टा पुसलेला, आणि वळणावर रस्त्यातच बसलेली गुरं. प्रस्तुत लेखकाची लहान गाडी तेव्हा आठ वर्षांची झाली होती. लाईट इतकी मंद पडायची की अप्परवर टाकल्याशिवाय गाडी पुढे नेण्याचा धीर होत नसे. एका दुकानात उपाय मिळाला. "९०/१०० टाका, रात्रीचा दिवस करून देतो." बल्ब स्वस्त होते, दहा मिनिटांत बसले, आणि त्या रात्री खरोखरच सगळं लख्ख दिसलं.

तीन आठवडे बरे गेले. मग कट्ट्याच्या अलीकडे, मुसळधार पावसात, प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि उजवी लाईट गेली. थोड्याच वेळात डावी फडफडू लागली. बॉनेट उघडून पाहिलं तर कपलर वितळून बल्बच्या पायांना चिकटलेला. उरलेला रस्ता पार्किंग लाईटवर, पायी चालावं तशा वेगाने कापावा लागला.

यात बल्बचा दोष नव्हता, हिशेबाचा होता. आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांत एच-४ जातीचा बल्ब असतो. तो १९७१ सालचा, ६०/५५ वॅटचा. अप्परला ६०, डिपरला ५५. गाडीची वायर आणि कपलर त्या मापाने बनवलेले असतात. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर करंट लागतो, १०० वॅटला आठाहून जास्त. वायरमधली उष्णता मात्र करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. जुन्या गाडीत, खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या पिनांवर, ती कुठेतरी बाहेर पडणारच.

दुसरा प्रयोग एलईडी बल्बचा झाला. करंट कमी, उजेड पांढराशुभ्र, वायर जळण्याची भीती नाही. इथे धडा मिळाला तो जत्रेच्या दिवसांत. गावात दहीकालो, म्हणजे जत्रेतला रात्रभराचा दशावतारी खेळ, संपला होता, पहाटेच्या अंधारात माणसं रस्त्याच्या कडेने घरी निघाली होती. एक म्हातारे गृहस्थ कपाळावर हात धरून जागीच थांबले आणि गाडी जवळ येताच म्हणाले, "अरे, लाईट डोळ्यार मारू नको, वाट दिसना नाय!" गाडी डिपरवर होती. लेखकाने उतरून समोर जाऊन स्वतः पाहिलं. डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा होता, आणि त्यामागे रस्ता, माणसं, गटार काहीच नव्हतं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा खालचा भाग वापरला जात नाही आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची वरची कड रेघ ओढल्यासारखी दिसते. फिलामेंट आणि वाटीची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेली. रिफ्लेक्टरचा एकेक बाक त्याच जागेसाठी घडवलेला. एलईडी बल्बच्या चिपा दोन सपाट बाजूंना बसवलेल्या असतात, फिलामेंटसारख्या सगळीकडे उजळत नाहीत, आणि जागा जराशी चुकली की रेघ फुटून उजेड वर उधळतो. चालकाला तो जास्त वाटतो, कारण बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात. त्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा, खरा गरजेचा रस्ता उलट अंधारात जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास पावणेसतरा मीटर पुढे जाते, म्हणजे उजळलेला तो तुकडा एका सेकंदात संपतो. समोरच्याचे डोळे दिपून तीन सेकंद गेले, तर तो पन्नास मीटर आंधळा चालतो.

झेनॉनचं किट साध्या रिफ्लेक्टरमध्ये बसवणं याहून वाईट. एच-४ चा डिपर सुमारे १००० लुमेन प्रकाश देतो, झेनॉन ३२०० च्या घरात. युरोपच्या नियमांनी इतक्या प्रखर दिव्याला आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला, तो उगाच नव्हे.

मग भिंगाचा प्रोजेक्टर दिवा? तो नीट बसला तर रेघ सुरेख देतो, हे मान्य. पण परदेशी गाड्यांतून काढलेले जुने प्रोजेक्टर विकत घेताना एक गोष्ट विचाराच. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या डिपरची रेघ डावीकडे वर चढते आणि कडेच्या पाट्या, माणसं उजळते. उजवीकडून चालणाऱ्या देशांतला प्रोजेक्टर उजवीकडे चढतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. शिवाय हेडलाईट तापवून फोडावा लागतो आणि पुन्हा चिकटवावा लागतो. तो जोड जरा कच्चा राहिला की कोकणातल्या पहिल्याच पावसात काचेच्या आत दव साचतं.

कायद्याचं म्हणणंही याच दिशेचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला प्रकाशाने दिपवता कामा नये. दीड मीटर ही कडेने चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. पूर्वी ट्रकच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे, तोही याच काळजीपोटी. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती स्पष्ट शब्दांत उचलून धरली.

शेवटी लेखकाच्या गाडीला उजेड मिळाला तो मूळच्याच बल्बमधून. हेडलाईटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. किनाऱ्यावरच्या उन्हाने ती पिवळी, धुरकट झाली होती. बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासून, वर उन्हापासून वाचवणारा थर देऊन निम्मं काम झालं. थर चुकवू नका, नाहीतर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. दुसरं काम रिलेचं, म्हणजे बल्बला थेट बॅटरीतून करंट जोडणाऱ्या स्विचचं. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतं, आणि हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की प्रकाश तीस टक्के घटतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकल्यावर त्याच ६०/५५ बल्बांनी रस्ता दाखवला. बल्ब नामांकित कंपनीचा घ्यावा, बुडाला वर्तुळातल्या 'ई' अक्षराची खूण असलेला. निळसर छटेच्या मोहात पडू नये. आंबोलीच्या धुक्यात तो उजेड डोळ्यांवरच परततो.

तिसरं काम फुकटचं. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा. उजेडाची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. मागे पाहुणे आणि आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर उठतं. स्टेअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची चकती असेल तर ती त्या वेळी फिरवा.

मृगाच्या आधी एका संध्याकाळी एवढं उरकून घ्या. आणि जत्रेच्या रात्री गावातून जाताना वेग कमी ठेवा, डिपर द्या. कडेने म्हातारी माणसं चालत असतात.