घरच्या शाळेचे पहिले वर्ष



गेल्या जूनपासून आम्ही आमच्या पाचवीतल्या लेकीला घरीच शिकवत आहोत. वर्ष संपताना तिच्या वह्या काढून बसलो. जुलैच्या वह्या भरगच्च, फेब्रुवारीच्या अर्ध्या कोऱ्या! तिला कारण विचारले. ती म्हणाली, "चुकले की तुम्ही रागावता." आम्ही खजील झालो. शाळेचे वेळापत्रक आम्ही जसेच्या तसे घरात आणले होते. दिवसभर आम्ही गुरुजी-बाईच राहिलो, आईबाबा व्हायला वेळच उरला नाही.

येत्या वर्षी तीन बदल करायचे ठरवले आहे :

१. दिवसाला दोनच विषय, गणित सकाळी.
२. अपूर्णांक भाकरीच्या चतकोरावरून, वजनमापे बाजारात.
३. शुक्रवारी नवा धडा नाही, फक्त उजळणी.

दहावीची घाई नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची ही परीक्षा 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. नोंदणी 5 वर्षे चालते व विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात.

आपली मुले शाळेत जात असली, तरी सुट्टीत त्यांच्या वह्या त्यांच्या शेजारी बसून चाळाव्यात. कोऱ्या पानांबद्दल आधी त्यांनाच विचारावे आणि न रागावता ऐकून घ्यावे.